दहाव्या दिवसाची फळी

"ही फळी कोणी काढली?" मॅनेजरने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तिच्याकडे बोट दाखवलं. "तुम्हीच ना, मावशी?"

"मीच. दर वेळी मीच काढते. दहा दिवसांची झाली ना पिल्लं."

बावीस वर्षं ती या फार्मवर डुकरिणींच्या बाळंतपणाची शेड सांभाळत होती. मादी कधी विणार, हे ती नुसत्या श्वासावरून सांगायची. शेजारच्या दोन कप्प्यांमधली फळी दहाव्या दिवशी काढायची, ही रीतही तिचीच. मग इकडची पिल्लं तिकडे जायची. हुंगायची, ढकलाढकली करायची, एखाद्याला सडकून मार बसायचा, आणि तासाभरात सगळी एकावर एक झोपलेली. पुढे दूध तोडून साठ पिल्लं एका मोठ्या कप्प्यात सोडली तरी फारसा दंगा होत नसे. माघार कधी घ्यायची ते त्यांना तोवर कळलेलं असायचं.

"रोग पसरतो त्याने," मॅनेजर म्हणाला. त्याला येऊन तीन महिने झाले होते. "एका कप्प्यात एक आई आणि तिचीच पिल्लं. बास."

"अहो साहेब, अशी एकेकटी वाढलेली पिल्लं पुढे एकमेकांच्या जिवावर उठतात. मी बघितलंय."

"मावशी, डुकरं आहेत ती. बालवाडी नाही उघडलेली आपण."

मागे उभे असलेले दोघं कामगार फिस्सकन हसले. त्याच दुपारी सगळ्या फळ्यांना खिळे ठोकले गेले.

घरी नवरा म्हणाला, "डुकरं त्यांची, फळ्या त्यांच्या. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

"हात माझे राबलेत तिथे," म्हणत ती ताटावरून उठली.

महिन्याची झाल्यावर सहा माद्यांची पिल्लं एकत्र सोडली, तेव्हा पहिल्याच दिवशी कान फाटले. त्यांना भांडण काढता येत होतं, थांबवता येत नव्हतं. खाली पडलेल्यालाही ती सोडत नव्हती. पुढे शेपट्या चावायला लागली. ती रोज औषधाचा डबा घेऊन जखमा धुवायची आणि दात-ओठ खायची. तिसऱ्या आठवड्यात चार पिल्लं मेली. चौथं तर तिच्या मांडीवरच गेलं.

मॅनेजरने तिच्या हातात पक्कड ठेवली. "नवीन पिल्लांच्या शेपट्या जन्मल्याजन्मल्या छाटायच्या. शेपूटच नसली तर चावतील काय?"

"चूक तुमची आणि शेपटी त्यांची छाटायची?" तिचा आवाज अख्ख्या शेडमध्ये घुमला. पक्कड तिने त्याच्या पायाशी टाकली. "तुम्हीच छाटा. मी हात लावणार नाही!"

दुसऱ्या दिवशी मालक आले. ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. मॅनेजरने रजिस्टर पुढे सरकवलं. "इथे सही करा, मावशी."

"काय लिहिलंय ते आधी वाचा. मोठ्याने."

तो मालकांकडे बघायला लागला. मालकांनी मान हलवली. "मावशींनी वेळेवर लक्ष न दिल्यामुळे चार पिल्लं मेली," त्याने खालच्या आवाजात वाचलं. त्या दिवशी हसलेले दोघं कामगार खाली बघत होते.

"लक्ष दिलं नाही?" तिने त्या दोघांकडे बोट केलं. "यांच्यापैकी कोणी एकाने सांगावं. माझ्या डोळ्यात बघून सांगावं!"



"हे बघा, वाद नको," मालक म्हणाले. "उद्यापासून तुम्ही खाद्याच्या गोदामात काम करा. शेड मॅनेजर बघतील."

म्हणजे ठरवूनच आले होते. तिला वाटलं होतं, निदान विचारतील तरी.

"बरं, जाते गोदामात," ती म्हणाली. "पण सही नाही करणार. माझं काय ते मी लिहिते. पेन द्या."

चौथीपर्यंतच शिकलेली ती. टेबलावर वाकून एकेक अक्षर काढायला लागली, टपोरं, दोन-दोन ओळींत मावेल एवढं. मालकांनी घड्याळ पाहिलं, पण तिला कोणी थांबवलं नाही. लिहून झाल्यावर तिने ओळींवरून बोट फिरवत पुन्हा वाचलं: 'फळ्यांना खिळे ठोकले म्हणून पिल्लं मेली. मी आधीच सांगितलं होतं.' एक काना राहिला होता, तो दिला. मग पेनाला टोपण लावून ते रजिस्टरवर आडवं ठेवलं.