दोन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या

आमच्या मुलीचं, नीलमचं लग्न २०१८ साली झालं. तिच्या पत्रिकेवरचं माझं नाव मी स्वतः वाचलं. तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि अक्षरं येऊन मला वर्षही झालं नव्हतं.

मी आणि भगवंत अमरावतीला बडनेरा रस्त्यावर शेखरभाऊच्या वॉशिंग सेंटरवर गाड्या धूत होतो. चाकं आमच्याकडे असत. ब्रेकची काळी पूड गरम चाकावर भाजून बसते, साबणाला दाद देत नाही. तिच्यासाठी दोन औषधं होती. लोखंडी चाकाला तेजाबाचं कडक पाणी आणि अलॉयच्या चकाकत्या चाकाला सौम्य औषध. दोन्ही सारख्याच पांढऱ्या बाटल्यांत. भगवंत वासावरून ओळखायचा. पूर्वी मीही तसाच ओळखायचो. मला वाचता यायला लागलं तसा शेखरभाऊ म्हणाला, "काका, आता चिठ्ठ्या तुमीच लिवा." मी लिहिल्या, चिकटवल्या आणि वास घेणं सोडलं.

लग्नानंतरच्या सोमवारी एका वकिलांची नवी गाडी आली. मी दिलेली बाटली भगवंतनं उघडली आणि नाक मागे घेतलं.

"जानराव, वास बराबर नाही वाटून राह्यला याचा."

"अलॉय लिवलं हाय त्याच्यावर. तू नाकानं वाचतं, मी डोयानं वाचतो."

"मास्तर झाला बाप्पा," म्हणत तो हसला आणि चारही चाकांना औषध मारून ब्रशनं घासू लागला.

पाणी मारलं तेव्हा काळं निघालं होतं, पण चकाकीही गेली होती. चाकांवर पांढरे चट्टे उठले होते. भगवंत शेखरभाऊला बोलवायला धावला. मी बाटली नाकाशी धरली. तेजाबच होतं. बाटल्या भरताना चिठ्ठ्या मी उलट्या लावल्या होत्या.

चिठ्ठ्या ओल्या होत्या, सहज निघाल्या. मी त्यांची अदलाबदल केली.

"जानरावनं वाचून देल्ली मले," भगवंत शेखरभाऊला सांगत आला.

शेखरभाऊनं चाकाजवळची बाटली उचलून माझ्यापुढे धरली. "वाचा, काका."

मी वाचलं. "फक्त लोखंडी चाकाला."

भगवंत माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला माझा संशय आला नाही. अक्षरावर त्याचा विश्वास होता. "मंग माह्याच हातानं दुसरी उचलल्या गेली असन," तो म्हणाला. "वास आलता मले, तरी."

शेखरभाऊनं त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. तो अकोल्याला मुलीकडे, माधवीकडे राहायला गेला.

मी दोनदा अकोल्याला गेलो, खरं सांगायलाच. दुसऱ्या वेळी पाहिलं, तर तापाची गोळीही तो माधवीच्या हातूनच घेत होता. तिला यायला उशीर झाला तर तसाच बसून राहायचा.

"काहून रे?" मी विचारलं.

"माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला," तो म्हणाला. "अन् नाकाचाही. तूच म्हनलं होतं ना, लिवलं हाय म्हणून. म्याच आयकलं नसन नीट."

माधवीनं चहा आणला. तो मी प्यालो आणि पाचची एसटी धरून परत आलो. पुढच्या वेळी सांगू म्हटलं.

भगवंत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी, शनिवारी, अकोल्याला माधवीच्या घरी वारला.