कारण निवडा

भिमाजीनं माउसवर बोट असं हाणलं की काउंटर हादरला आणि कडेला ठेवलेली टॉनिकची बाटली आडवी झाली. छगननं ती उचलून जागेवर ठेवली. तो कांद्यावरच्या करप्याचं औषध घ्यायला आला होता आणि त्याचं बिल अर्ध्यावरच अडकलं होतं, कारण बिलाच्या बरोबर मधोमध दिशाचा फोटो उगवला होता. हिरवी साडी, कपाळावर चंद्रकोर, आणि खाली लाल अक्षरांत 'आपल्या सुकन्येसाठी नवीन अनुरूप स्थळे'.

"दिशाताईला अजून स्थळं येत्यात वाटतं," छगन म्हणाला.

"तू तुझं औषध घे आन् नीघ."

छगन शेजारच्या आपल्या पंक्चरच्या दुकानात गेला. जाताना तो गालात हसला, असं भिमाजीला वाटलं. हल्ली त्याला सगळेच गालात हसताना दिसायचे.

मिरजगावात हायवेला लागून भिमाजीचं कृषी सेवा केंद्र होतं आणि मागच्या अंगाला घर. दोन वर्षांपूर्वी नगरला, समाजाच्या मंडळाच्या वधू-वर मेळाव्यात त्यानं स्वतः रांगेत उभं राहून पोरीचं नाव नोंदवलं होतं. मेलचा पत्ता दिला तो दुकानाचा. पोरीचं लग्न आणि पत्ता खताच्या दुकानाचा, यात त्याला काही वावगं दिसलं नाही; इकडे कुणालाच दिसत नाही. स्थळं बापानं बघायची, बोलणी बापानं करायची, पोरीनं फक्त बोहल्यावर उभं राहायचं. दिशानं तेवढंही काम बापाला दिलं नाही. नगरला मेडिकलमध्ये नोकरी करता करता तिनं करणशी लग्न केलं, तेही जातीबाहेर. गळ्यातले हार तसेच घेऊन दोघं पाया पडायला आली, तेव्हा भिमाजीनं त्यांच्या तोंडावर दुकानाचं शटर खाली ओढलं. घरात सांगितलं, "ती मेली आपल्याला." पाहुण्यारावळ्यांत सांगितलं, पोरगी पुण्याला कंपनीत लागली.

मंडळाला मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. मंडळ इमानेइतबारे मेल पाठवत होतं. सकाळी स्थळं, दुपारी कुणाकुणाचे वाढदिवस, संध्याकाळी कुणाच्या तरी चुलत्याला भावपूर्ण श्रद्धांजली. 'मंडळ म्हणजे एक कुटुंब' असं प्रत्येक मेलच्या डोक्यावर लिहिलेलं असायचं. कुटुंबातलं जन्माचं, लग्नाचं, मरणाचं सगळं सगळ्यांना कळलंच पाहिजे, असा त्यांचा बाणा होता. भिमाजीनं त्यांचे मेल कचऱ्यात टाकून पाहिले, तर ते नव्या पत्त्यावरून यायला लागले. मेलच्या अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत 'हे मेल नको असल्यास येथे क्लिक करा' असं होतं. तिथं क्लिक केलं की एक पान उघडायचं आणि विचारायचं: कारण निवडा.

कारणं तीनच होती. लग्न जमले. तूर्त स्थळ नको. सदस्याचे निधन.

पोरीनं बापाच्या तोंडाला काळं फासलं, हे कारण मंडळाला सुचलेलं नव्हतं. 'तूर्त स्थळ नको' हे भिमाजीनं एकदा निवडून पाहिलं होतं. महिनाभर शांतता होती आणि मग दिशाचा तोच फोटो दुप्पट मोठा होऊन परत आला, 'आपलं पुन्हा स्वागत आहे' म्हणत. 'लग्न जमले' निवडलं तर वराचं पूर्ण नाव मागत होते आणि पत्रिका जोडा म्हणत होते.

छगन गेल्यावर त्यानं मंडळाला फोन लावला. निकिता नावाच्या मुलीनं तो उचलला. तिच्या आवाजात इतका गोडवा होता की भिमाजीचं डोकं तिथंच फिरलं.

"बाई, ते मेल बंद करा तुमचे. लई झालं."

"नक्की सर. ताईंचं लग्न जमलं का? अभिनंदन!"

"न्हाई जमलं."

"मग सर, आजचं राहुरीचं स्थळ बघितलंत का? मुलगा इंजिनिअर आहे, शेती बागायती—"

"मला स्थळ नको, मेल बंद पायजे! मराठी कळतं का न्हाई?"

"सर, कारणाशिवाय सिस्टिम नाव काढू देत नाही. आपण कारण निवडा, नाव लगेच निघेल."

भिमाजीनं फोन आपटला. स्क्रीनवर ते पान उघडंच होतं. तो तिसऱ्या ओळीकडे बघत राहिला. त्या कारणाला पत्रिका लागत नव्हती, कुणाचं नाव लागत नव्हतं. आपण घरात जे उठता बसता बोलतो तेच तर आहे हे, असं त्यानं स्वतःला समजावलं. बाण त्या ओळीवर नेल्यावर मात्र त्याचा हात थांबला. त्यानं उगाच बाहेर रस्त्याकडे पाहिलं, घसा खाकरला. मग छगनचं हसू आठवलं आणि त्यानं बटण दाबलं. 'आपली खात्री आहे का?' असं मशीननं विचारलं. तेही दाबलं.

'मंडळ आपल्या दुःखात सहभागी आहे,' अशी ओळ आली आणि फोटो गेला.

त्या दुपारी एकही मेल आला नाही. जेवताना भिमाजीनं आणखी एक भाकरी मागून घेतली. राहीबाईनं ती ताटात टाकली, पण नवऱ्याकडे बघितलं नाही. शटर ओढल्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून भिमाजी उदबत्ती लावत होता, तेवढ्यात छगन आला. राम राम नाही, शेठ नाही. खाली मान घालून युरियाच्या गोणीवर बसला.

"औषध लागू पडलं न्हाई का?" भिमाजीनं विचारलं.

छगननं मान हलवली. तिचा अर्थ काहीही होऊ शकत होता.

"चहा सांगू?"

"नको. आज नको."

छगननं चहाला नको म्हटलेलं भिमाजीनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. याला उधारी वाढवून हवी असणार, असा त्यानं अंदाज बांधला आणि तोंड फिरवून गोण्या मोजायला घेतल्या. छगन तसाच बसून राहिला, नखानं नख खरवडत. मग उठला आणि 'येतो' न म्हणताच पायऱ्या उतरून गेला. माती झालेल्या घरातून माणसं उठतात, तसा.

भिमाजी गोणीवर हात ठेवून थबकला. 'येतो' का म्हणाला नाही हा?

तेवढ्यात मागच्या घरातून राहीबाईची किंकाळी आली.

तो धावत गेला. ती चुलीपुढं खाली बसली होती. हातातल्या मोबाईलवर तिचा भाऊ आसाराम बोलतच होता, "बाई, आगं हॅलो, माती कुठं हाय? नगरला का मिरजगावात? आमी निघालोय..." भिमाजीनं फोन हिसकावून बंद केला. त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या खिशातला मोबाईल वाजला. मंडळाचा काल रात्रीचा मेल कुणा पाहुण्यानं पुढं पाठवला होता. हिरवी साडी, चंद्रकोर, आणि फोटोभोवती आता झेंडूचा हार. 'भावपूर्ण श्रद्धांजली. कु. दिशा हिचे अल्पशा आजाराने निधन.' आजारसुद्धा मंडळानं आपल्या मनानंच ठरवून टाकला होता.

"आगं खोटं हाय ते," तो म्हणाला. "खोटं हाय. ऐक तर."

राहीबाई ऐकत नव्हती. तिनं आपला फोन त्याच्या हातातून ओढून घेतला आणि नंबर लावला. तो शोधायला तिला कुठं बघावं लागलं नाही. रिंग वाजत राहिली. ती दोन्ही हातांनी फोन धरून बसली होती. भिमाजीला सगळं खरं माहीत होतं; तरी रिंग लांबली तसा तोही तिच्या शेजारी खाली टेकला.

"आई? एवढ्या सकाळी? काय झालं गं?"

राहीबाईनं डोळे मिटले.

"काय न्हाई. आवाज ऐकायचा हुता."

"रडतीस का?"

"न्हाई. मिरचीची फोडणी टाकली. ठिवते."

तिनं फोन खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं, आणि मग कितीतरी महिन्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं.

"कुनी केलं ह्ये?"

"ते मेल बंद व्हत न्हव्हते. रोज गिऱ्हाइकाफुडं पोरीचा फोटो... तिथं तीनच कारणं हुती..."

"तुमी केलं."

"मला काय म्हाईत सगळ्या दुनियेला कळवतील म्हनून!"

"म्हंजी कुनाला कळलं नसतं तर चाललं असतं."

अडला की भिमाजी आवाज चढवायचा. तसा त्यानं चढवलाही, मंडळाला शिव्या दिल्या, त्या निकिताला दिल्या, मोबाईल काढणाऱ्याला दिल्या. राहीबाई चुलीतलं लाकूड पुढं सारत बसली.

बाहेर एव्हाना माणसं जमायला लागली होती. दुकानापुढं चार टोप्या, मग आणखी काही. एकानं तर दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ठेवलं होतं, दुखवट्याच्या रीतीप्रमाणं. छगन सगळ्यांना सावलीत बसवत होता. भिमाजी दारातून ते बघून मागं फिरला.

"तू सांग जा त्यांना," तो बायकोला म्हणाला.

"मी का? तुमी मारली, तुमीच सांगा."

इतक्यात रस्त्यावरून हंबरडा ऐकू आला. नेवाशाहून पहाटे निघालेली भागूबाई, भिमाजीची थोरली बहीण, गाडीतून उतरून छाती बडवत येत होती. दोन बाया तिला दोन्हीकडून धरत होत्या. दिशा लहानपणी दोन वर्षं तिच्याकडे वाढली होती.

"आरं भिमा! माझी दिशी रं! मला सांगितलं बी न्हाई तू! मी तिचं तोंड बघायला बी..."

ती पायरीवर कोसळली आणि तिनं कपाळ दगडावर आपटलं. पुन्हा आपटलं. भिमाजी पुढं झाला आणि त्यानं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"अक्का, गप. आगं गप. जित्ती हाय ती."

टोप्या वर झाल्या. भागूबाईला काही कळेना.

"जित्ती हाय?"

"व्हय. मघाशीच बोलली फोनवर. ते मेलमधी चुकून आलं."

"खा माझी शपथ."

"तुझी शपथ."

भागूबाईनं भावाच्या छातीवर एक गुद्दा मारला आणि पुन्हा रडायला लागली, पण आता वेगळं. मग नाक पुसत म्हणाली, "कुठं हाय मग? बोलव तिला. मला बघू दे. पुन्याहून यायला किती येळ लागतो?"

सगळे भिमाजीकडे बघत होते. पुण्याची कंपनी त्याच्या जिभेवर तयारच होती. वर्षभर ती तिथं मुक्कामाला होती. दारात राहीबाई उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. ती तो पुढं करत नव्हती. भागूबाईच्या कपाळावरून रक्ताचा बारीक ओघळ भुवईपर्यंत आला होता.

"पुन्याला न्हाई," भिमाजी म्हणाला. "नगरला हाय."

"नगरला? तिथं कुनाकडं?"

भिमाजीनं इकडंतिकडं पाहिलं. त्याला कुणाचाच चेहरा हसताना दिसला नाही.

"सासरी," तो म्हणाला.

राहीबाई पायऱ्या उतरली आणि तिनं तांब्या नणंदेच्या हातात दिला.

मग छगन उठला, त्यानं अर्धं ओढलेलं शटर कडकडा वर सारलं आणि म्हणाला, "वहिनी, आता चहा टाका. सकाळी नको म्हटलो, त्यो बी धरून." दोघाचौघांनी मान फिरवून एकमेकांकडे पाहिलं. दोघं उठून चालू लागले. सासर कुणाचं, हे त्यांना ठाऊक असावं. भागूबाई भावाला शिव्या देत राहिली, कोणत्या गोष्टीसाठी ते तिचं तिलाच कळत नव्हतं. भिमाजीनं त्या सगळ्या मुकाट्यानं ऐकल्या आणि आत काउंटरवर जाऊन मंडळाचा नंबर फिरवला.

"सर, आपल्या दुःखात—"

"गप बसा. जिवंत हाय माझी पोरगी. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळवा."

निकिता गडबडली. मग तिची बोटं कळफलकावर चालल्याचा आवाज आला.

"सॉरी सर. नाव पुन्हा चालू करते. उद्यापासून स्थळं—"

"स्थळं नकोत! लगीन झालंय तिचं."

"अच्छा, मग ते कारण टाकते. पत्रिका?"

"पत्रिका न्हाई. छापली न्हाई."

"ठीक आहे, मी वरिष्ठांना विचारून घेते. पण वराचं पूर्ण नाव तरी लागेलच सर. वडिलांच्या नावासकट."

भिमाजीला करण हे नाव माहीत होतं. आडनाव तर इतकं माहीत होतं की वर्षभर त्यापायीच त्याला झोप लागत नव्हती. बापाचं नाव त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आपल्याला एक व्याही आहे, ही गोष्ट त्याच्या मनात कधी आली नव्हती.

"थांबा," तो म्हणाला. मोबाईलवर हात ठेवून त्यानं मागं हाक मारली, "आगं ए. त्याच्या बापाचं नाव काय?"

राहीबाई चहाचे कप घेऊन चालली होती. ती थांबली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "पन मी सांगायची न्हाई."

तिनं ट्रे काउंटरवर ठेवला, कमरेचा मोबाईल काढून नंबर लावला आणि युरियाच्या बिलांवर, त्याच्यासमोर ठेवून दिला. एका कानाशी निकिता "सर? सर?" करत होती. समोरचा फोन वाजत होता आणि त्यावर करणचं नाव होतं.

राहीबाई चहा घेऊन बाहेर गेली. तिसऱ्या रिंगला तिकडून कुणीतरी उचललं.

"आई, बोला ना," एक पुरुषी आवाज म्हणाला.

भिमाजीनं घसा खाकरला.