दामदुप्पट

माझा मुलगा योक-कुन जुगारी नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा. जुगारी लोक लाल कपडे घालून जातात, देवापुढे संत्री ठेवतात. याला त्यातलं काही नको. "आई, यात नशीब नाहीच," तो म्हणायचा. "तीन फाशांची बेरीज एक तर 'लहान' येते, नाही तर 'मोठं'. आपण 'लहान'वर लावायचं. हरलं की दुप्पट लावायचं, परत हरलं की त्याच्या दुप्पट. कधी ना कधी 'लहान' येतंच, आणि आलं की गेलेलं सगळं परत."

"कधी ना कधी मीसुद्धा मरणार आहे," मी म्हटलं, "म्हणून त्यावर कुणी दुकान लावत नाही."

तो म्हणाला, शाळेत गेली असतीस तर कळलं असतं. मी शाळेत गेले नाही, आमच्या दुकानात पेज ढवळली. आमच्यासारखी पेज अख्ख्या मकावमध्ये मिळत नाही, हे आमच्या वैऱ्यांनाही ठाऊक आहे.

तो सबंध हिवाळाभर रोज थोडं थोडं जिंकून आणत होता. येताना भाजलेलं बदक आणायचा. मीही खाल्लं. तंगडी माझीच असते.

मग एका दुपारी, भांडी घासून झाली तेव्हा, शेजारची बिस्किटवाली लेई आली. ती कामाशिवाय उंबरा चढत नाही. म्हणाली, तुझ्या मुलानं सकाळी दुकान माझ्याकडे गहाण टाकून रोख नेली, संध्याकाळच्या आत परत देतो म्हणाला. मला वाटलं तुला माहीत असेल. बिस्किटं ताजी आहेत म्हणून सांगते, त्याच सुरात सांगितलं तिनं.

मी कमरेचं फडकं न सोडता कॅसिनोत गेले. छोट्या टेबलावर जास्तीत जास्त जेवढं लावता येतं, त्यापुढे त्याची दुप्पट गेली, म्हणून तो मोठ्या टेबलावर बसला होता. वरच्या पाटीवर ओळीनं 'मोठं' पेटलेलं. मधे एकदा तिन्ही फासे सारखे पडले होते. तसे पडले की 'लहान'वाल्याचंही जातं आणि 'मोठं'वाल्याचंही. गार पेजेवर धरतो तसा पापुद्रा त्याच्या चेहऱ्यावर धरला होता. उरलेली सगळी टोकनं त्यानं 'लहान'वर सरकवली. टेबलावरच्या मुलीनं फासे हलवून झाकून ठेवले होते. घंटी व्हायची होती, ती झाली की लावलेलं मागं घेता येत नाही.

खेळणाऱ्याच्या खांद्याला हात लावायचा नसतो. माणसाच्या खांद्यांवर नशिबाचे दिवे असतात, हात लागला की विझतात. एवढ्यावरून आमच्याकडे डोकी फुटली आहेत. मी त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. अख्खा पंजा, दाबून.

याचं गणित खरं असेल, तर माझा हात म्हणजे नुसता हात होता.

तो हाताकडे बघत राहिला. आजूबाजूची माणसं मागं सरली.

"आई, हे काय केलंस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. दोन्ही हातांनी त्यानं टोकनं मागं ओढली. घंटी झाली. झाकण उचललं गेलं.

एक, दोन, चार. 'लहान'.

त्यानं मागं ओढलेले पैसे नेलेल्याच्या निम्म्याहून जरासेच जास्त भरले. ते लेईला दिले. बाकीच्यापोटी तिनं अर्धं दुकान घेतलं. मधे भिंत आली. पलीकडे तिची भट्टी आहे, त्यामुळे भिंत ऊन असते. अलीकडे आम्ही आणि चार स्टुलं.

तो परत तिकडे गेला नाही. दिवा विझला म्हणतो. लेई गिऱ्हाइकांदेखत सांगते, आईनं हात लावला नसता तर आज दुकान अख्खं असतं. मी तिला म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी? ती म्हणाली, दुसऱ्या दिवशीचं कुणी पाहिलंय. मी पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

योक-कुन तांदूळ धुतो, पातेली उचलतो. कामापुरतं बोलतो. दुपारी तो जेवायला बसला की मला त्याच्या मागून जावं लागतं, जागाच तेवढी आहे. मी आले की तो उजवा खांदा आत घेतो आणि भिंतीला टेकून बसतो. मी वाडगा ठेवते. वर आलं घालते, त्याला आवडतं. मग माझ्या चुलीकडे जाते.