बांधातला बर्फ

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पैलवान गेला आणि आम्ही वस्तीतले वाचलो, त्या दिवसाबद्दल बारक्या एकदाच काय ते बोलला, पुन्हा स्वतः अक्षर काढत नाही, मग आपण कशाला तोंड घालायचं? पण बांधाचं जे काही उरलंय तिथून पुन्हा खडी काढायची भाषा सुरू झालीय. म्हणून सांगतो.

वर तळं, खाली वस्ती, मध्ये बांध. हा बांध कुणी घातलेला नव्हता. कधीकाळी अख्खी दरी हिमनदीनं भरलेली. ती डोंगर खरवडत खाली सरकली, दोन्हीकडे उभ्या भिंती आणि मध्ये परातीसारखा सपाट तळ करून ठेवला, आणि मागे हटताना ढकलत आणलेला सगळा दगडगोटा तोंडाशी टाकून गेली. सपाट जागेवर घरं झाली, कुरणं झाली. ढिगाऱ्यामागे पाणी तुंबलं, ते नळाला आलं. आणि ढिगारा म्हणजे आयती खडी. सुरुंग नको, फोडाफोडी नको. पोकलेनची बकेट लावा, भरा.

खाणीवर दोन पोकलेन. एक बारक्या चालवायचा, दुसरा पैलवान. पैलवान म्हणजे नुसता हाडांचा सापळा. नाव ठेवणाऱ्यानं उट्टंच काढलं होतं.

बांधाच्या पोटात हिमनदीचा एक तुकडा गाडलेला राहिला होता. त्यावर बकेट खणकन आपटली तेव्हा सगळे खूशच झाले. ओल्या खडीत डंपर रुतायचे, इथं जमीन काँक्रीटसारखी. मुकादमानं वरची खडी साफ करून तिथूनच रस्ता काढला. सगळे त्याला ‘फरशी’ म्हणायचे. उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या फरशीत खोचून ठेवायचे.

"हे घरी कळू देऊ नकोस," पैलवान म्हणायचा. "आमचा फ्रिज बंद पडलाय. ही मला रोज बाटल्या घेऊन पळवेल."

वरची खडी हे त्या बर्फाला उन्हापासून झाकणारं पांघरूण होतं. ते आपणच ओढून काढलंय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या दुपारी फरशीखालून पाण्याचा आवाज येत होता. "पाझर आहे, नेहमीचाच," मुकादम म्हणाला. थोड्या वेळानं फरशी खचली. धडाम वगैरे काही नाही. पोतं उसवून धान्य सांडावं तसा आवाज, आणि पैलवानाचं मशीन तिरकं होऊन आत गेलं.

बारक्या धावला. केबिनची काच फुटून ओली खडी आत आलेली, पैलवान छातीपर्यंत गाडलेला, एक हात तेवढा मोकळा. बारक्यानं हातांनी उपसायला घेतलं. उपसली तेवढी वरून घसरत आली.

"दुखतंय?"

"पाय आहेत का नाहीत तेच कळत नाही. मुकादम कुठाय?"

"गाडी काढून गेला. मदत आणतो म्हणाला."

"मग तो येतोय. पुढच्या जन्मी."

"थांब, मी मशीन आणतो. वरच्या अंगानं उकरलं की मोकळा होशील."

"वर म्हणजे कुठं रे?"

बारक्यानं मान वर केली. वर म्हणजे बांधाची कड. खडी काढून काढून ती भिंतीएवढी अरुंद झाली होती, आणि तिच्यातून तळ्याचं गढूळ पाणी धार धरून येत होतं. मघाशी ती धार नव्हती.

"तिथं मशीन चढवलंस तर सगळं तळं खाली जाईल," पैलवान म्हणाला. "वस्तीत फोन केलास?"

"या भिंतींत रेंज कुठं असते?"

"आज शाळेला सुट्टी आहे बारक्या. तुझी पोरं घरी, माझी घरी."

"माहितीये मला."

"मग बसलायस काय? जा."

"तुला असा टाकून? वहिनीला काय तोंड दाखवू?"

"ती जिवंत असली तर दाखवशील ना तोंड." पैलवानानं मोकळा हात पुढे केला. "चावी दे."

"कशाला?"

"अर्ध्या वाटेतनं परत फिरशील आणि मशीन वर घालशील. ओळखतो मी तुला."

पाणी आता बारक्याच्या बुटांवरून वाहत होतं. मशीन नसेल तर पैलवान निघणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. त्यानं खिशातून चावी काढली आणि पैलवानाच्या तळहातावर ठेवली. पैलवानानं मूठ मिटली.

"कडेच्या घरातल्या आजीला चालवत नाही. पाठीवर घ्यावं लागेल."

"घेतो."

"शिव्या देईल."

"देऊ दे." बारक्यानं ती मूठ दोन्ही हातांत धरली. "एकही घर सोडत नाही, पैलवान. सगळ्यांना चढावर नेतो. मग फावडं घेऊन येतो आणि हातानं उकरतो तुला. शब्द देतो."