तोंड नसलेलं मशीन

क्रेनवाले काकांनी नवं मशीन खोक्यातून काढलं, उलटं केलं, सुलटं केलं, कुशीवर वळवून पाहिलं आणि टेबलावर असं आदळलं की शेजारच्या कपातला चहा बशीत उतरला.

"ह्याला तोंडच नाही," ते म्हणाले.

"कसलं तोंड, काका?" मेट्रननं विचारलं. वृद्धनिवासातलं पडद्यांपासून पथ्यापर्यंत सगळं तीच पाहायची, पण गेमच्या मशीनची तोंडं तिच्या कामात बसत नव्हती.

"डिस्क घालायची फट हो! जुन्याला समोरच होती. ह्याला समोर नाही, मागे नाही, बुडाखालीही नाही. आणि हे कुठे खुपसू?" त्यांनी नखाएवढं मेमरी कार्ड तिच्या नाकासमोर धरलं. "माझ्या कानात?"

टायपिस्ट बाई सोफ्यावर शब्दकोडं सोडवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "कानात आधीच एक यंत्र आहे तुमच्या. जागा नाही."

एरवी क्रेनवाले हसले असते. आज त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती का गेली हे दिवाणखान्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्या नखाएवढ्या कार्डात डॉक्टर होते.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. "आमचा धंदाच दात काढायचा," असं ते स्वतःच सांगत आणि सांगताना बत्तीसच्या बत्तीस दाखवत. ह्या वयात ते सगळे त्यांचे स्वतःचे होते, हेही क्रेनवाल्यांच्या डोळ्यांत सलायचं. दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडलेलं जुनं मशीन कुणीतरी देणगी म्हणून देऊन गेलं होतं आणि त्यात बोलिंगचा एक गेम होता. रिमोट मनगटाला बांधायचा, हात मागून पुढे झुलवायचा, की पडद्यावरचा चेंडू घरंगळत जाऊन दहा पिना पाडायचा. रोज दुपारी ह्या दोघांची जुंपायची. क्रेनवाल्यांनी फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावून नियम केला होता की पट्टीच्या मागे उभं राहूनच टाकायचं. नियम करणारे तेच, आणि दुसऱ्यानं मोडला की बोंब मारणारेही तेच.

मग एका दुपारी डॉक्टर पट्टीमागे खुर्ची घेऊन आले.

"हे काय?" क्रेनवाल्यांनी विचारलं.

"आजपासून बसून टाकतो."

"बसून टाकलेलं धरायचं नाही. उद्या झोपून टाकशील."

"अरे, तू जन्मभर बसून क्रेन चालवलीस. मी जन्मभर उभा राहून लोकांचे दात काढले. आता जरा मी बसतो, तू उभा राहा."

सगळे हसले. डॉक्टरही हसले. आणि बसल्या बसल्या, आपल्या डाव्या हातानं, त्यांनी एकशे एक्क्याऐंशी गुण केले. तेवढे तिथे कुणीच कधी केले नव्हते. गेममध्ये प्रत्येकानं आपापला चेहरा बनवून ठेवला होता. डॉक्टरांनी आपला बनवताना टक्कल, चष्मा आणि ह्या कानापासून त्या कानापर्यंत दात एवढंच घेतलं होतं. तो चेहरा यादीच्या माथ्यावर जाऊन बसला.

"चिटर!" क्रेनवाले ओरडले. "खोटं रेकॉर्ड आहे हे. पुसा ते!"

"आधी मोडून दाखव," डॉक्टर म्हणाले. "मग बोल माझ्याशी."

क्रेनवाल्यांनी खरंच बोलणं टाकलं. दोघं एकाच टेबलावर जेवायला बसत. मीठ डॉक्टरांच्या हाताशी असायचं, म्हणून क्रेनवाले अळणी खात, पण मीठ मागत नसत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथे तर सुंभही अजून शाबूत होता. मग थंडीत डॉक्टरांच्या छातीत दुखलं, त्यांना हॉस्पिटलात नेलं, आणि त्यांची खोली दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

मेलेल्या माणसाशी वैर धरण्यात मोठी पंचाईत असते. तो हरत नाही. क्रेनवाले रोज दुपारी पट्टीमागे उभे राहत आणि दातओठ खात, एक अक्षर न बोलता चेंडू टाकत. एकदा तर एकशे ऐंशीपर्यंत पोचले. प्रत्येक खेळानंतर यादी यायची आणि तिच्या माथ्यावर डॉक्टर असायचे. शेवटी माणसाआधी मशीननंच दम सोडला. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले आणि यादी असलेलं कार्ड तेवढं काढून दिलं. तेव्हा क्रेनवाल्यांनी, ज्यांनी मुलाकडे कधी रुमालही मागितला नव्हता, त्याच्या मागे लागून त्याच कंपनीचं नवं मशीन मागवलं. आणि ते हे असं, बिनतोंडाचं आलं.

त्यांनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला.

"जुने गेम चालत नाहीत त्यात, बाबा," मुलगा म्हणाला. "मला वाटलं तुम्हाला बोलिंग हवंय. नवं बोलिंग घालून पाठवलंय मी."

"कंपनी तीच ना?"

"तीच, पण पिढी नवी. आतली रचनाच वेगळी असते. जुनं चालवायचं तर नव्याच्या पोटात जुनं मशीन कोंबावं लागतं, मग नवंच लंगडं होतं. आणि जुने गेम खेळणारे असतात किती? मूठभर."

"मूठभर म्हणजे माणसात जमा नाहीत?"

"तसं म्हणालो का मी?"

"हे बघ, माझ्या हाताखालून चार क्रेन गेल्या. प्रत्येक नवी आधीचीपेक्षा मोठी, आधीचीपेक्षा शहाणी. पण एकही नवी क्रेन मला म्हणाली नाही की हा खोका मागच्या पिढीचा आहे, मी उचलणार नाही!"

"बाबा, गेम म्हणजे क्रेन नव्हे."

"आणि मी कोण? मला इथे आणून ठेवलंस तेव्हा इथलं सगळं मी शिकलो. जेवायची वेळ शिकलो, बटणांचा फोन टाकून हा काचेचा शिकलो. जुन्यानं नव्याशी जुळवून घ्यावं, हे सगळ्यांना पाठ आहे. नव्यानं जुन्यासाठी एक फट ठेवायची म्हटली, की लगेच ते लंगडं होतं!"

पलीकडे मुलानं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बाबा," तो म्हणाला, "डॉक्टर गेले आता. भांडताय कुणाशी?"

क्रेनवाल्यांनी फोन बंद केला. काचेचा फोन आपटता येत नाही, ह्याचाही त्यांना राग आला.

मेट्रननं बिचारीनं समजूत घालायला म्हटलं, "उलट बरंच झालं की, काका. सगळ्यांची पाटी कोरी. दोन चेंडू टाका, तुमचाच पहिला नंबर."

"ओसाड गावी एरंड बळी," क्रेनवाले म्हणाले. "मला एरंड व्हायचं नाही." आणि ते खोलीत जाऊन दार लावून बसले.

त्यांच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. आठवडाभरात नवा गेम सगळ्यांच्या अंगवळणी पडला. लाकडी जमीन चकचकीत दिसायची, पिना पडल्या की दिवे लागायचे, आणि ज्याचे गुण सगळ्यांत जास्त त्याचा चेहरा खेळ संपेपर्यंत पडद्याच्या कोपऱ्यात असायचा. सध्या तिथे टायपिस्ट बाई होत्या. क्रेनवाले दारातून बघत आणि आतल्या आत धुमसत. एवढी माणसं, एवढे चेहरे, पण डॉक्टरांचं नाव कुणी काढलं नाही. मशीनमध्ये जागा नव्हती म्हणून ह्यांच्या डोक्यातलीही गेली की काय, असं त्यांना वाटलं. ते तरातरा आत आले आणि मेट्रनच्या हातून त्यांनी रिमोट जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"नवा चेहरा कुठून करायचा?"

तिनं दाखवलं. त्यांनी डोकं निवडलं, केस काढून टाकले, चष्मा चढवला.

"तुम्हाला केस आहेत की, काका," मेट्रन म्हणाली. "आणि चष्मा कुठे लावता तुम्ही?"

"तुम्ही जरा गप्प बसता का?"

तोंडापाशी गाडी अडली. नव्या गेममध्ये हसरी तोंडं पुष्कळ होती, पण सगळी ओठ मिटलेली, सभ्य, बँकेतल्या कारकुनासारखी. क्रेनवाले एकेक तोंड बघत शिव्या घालत होते. पार शेवटी, ओरडणाऱ्या तोंडांत, त्यांना दात असलेलं एक सापडलं. त्यांनी ते आडवं ताणलं.

टायपिस्ट बाईंनी शब्दकोडं बाजूला ठेवलं होतं. "आणखी मोठं करा," त्या म्हणाल्या. "कानापर्यंत."

मग क्रेनवाल्यांनी पट्टीमागे खुर्ची आणली, बसले, रिमोट डाव्या मनगटाला बांधला आणि चेंडू टाकला. तो कडेच्या नालीत गेला. दुसराही तिथेच गेला. बसून टाकणं म्हणजे लबाडी, फुकटचे गुण, असं ते इतके दिवस सांगत आले होते, आणि आता त्यांचं कोपर खुर्चीच्या हाताला आपटून झिणझिण्या येत होत्या. हात मागे जायला वाव नव्हता, अंगाचा जोर लागत नव्हता. डॉक्टर कसे बसायचे ते त्यांना आठवलं. जेवणघरातली बिनहाताची खुर्ची घेऊन, अगदी कडेला, एका कुल्ल्यावर. दुसऱ्या दिवशी तेही तसेच बसले.

दुपारमागून दुपार गेली. मुलाचा फोन आला तर "कामात आहे" म्हणून त्यांनी ठेवून दिला. डावा हात खांद्यातून भरून यायचा. त्या हातानं शर्टाचं बटणही लावता येईना, तरी ते टाकत राहिले, मशीनला, कंपनीला, मुलाला आणि स्वतःच्या कोपराला शिव्या घालत. डॉक्टरांना मात्र त्यांनी एकही शिवी घातली नाही. त्यांच्याशी बोलणं बंद होतं.

आणि एका दुपारी चेंडू त्यांचं ऐकायला लागला. पिना भराभर पडत गेल्या. टायपिस्ट बाई सरकत सरकत सोफ्याच्या कडेला आल्या. खेळाच्या शेवटी सात पिना पडल्या, तीन उभ्या राहिल्या, पडद्यावर एकशे एक्क्याऐंशी आले, आणि क्रेनवाल्यांच्या हातात एक चेंडू उरला.

"पाडा, पाडा!" टायपिस्ट बाई म्हणाल्या. "सोप्या आहेत."

क्रेनवाल्यांनी मनगट वळवलं आणि चेंडू मुद्दाम नालीत घातला.

"हे हो काय?"

"त्याचे एवढेच होते," ते म्हणाले.

यादी आली. टक्कल, चष्मा आणि दात तिच्या माथ्यावर जाऊन बसले. टायपिस्ट बाईंनी फरशीवरच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"पण बसून टाकलेलं धरायचं नाही, असा तुमचा नियम होता ना?"

क्रेनवाले मनगटावरचा पट्टा सोडवत होते.

"गुडघे गेले होते त्याचे," ते म्हणाले.

मग ते उठले. खुर्ची त्यांनी हलवली नाही, पट्टीमागे शेजारीच राहू दिली. रिमोट उजव्या हाताला बांधला, स्वतःचा चेहरा बनवायच्या भानगडीत न पडता मशीननं पुढे केलेला पहिलाच चेहरा घेतला, पाय रोवून उभे राहिले आणि सगळा जोर लावून चेंडू टाकला. तो सरळ नालीत गेला.

पडद्याच्या कोपऱ्यात डॉक्टर होते, ह्या कानापासून त्या कानापर्यंत.

"दात काढू नकोस!" क्रेनवाले त्यांच्यावर ओरडले.