रादोयकोची गंमत

नाताळाआधीचे सहा आठवडे आमच्या घरात मांस, दूध, अंडी काही शिजत नाही. गावात बहुतेक कुणाकडेच नाही. म्हणजे माझी मुलगी दुन्या बारा महिने जे खाते, तेच सहा आठवडे सगळं गाव खातं. पण गाव खातं तो उपास, आणि दुन्या खाते ते खूळ! हा कुठला न्याय, ते मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

संत निकोला आमच्या घराण्याचा संत. त्याच्या सणाला दुन्या दोन वर्षं आली नव्हती, आणि त्याला कारण माझा दीर रादोयको. "दुन्या, गाजर उपटताना रडतं का गं?" "हिला खुर्ची कशाला? गोठ्यात बसवा, वैरण तिथंच आहे." सगळे हसायचे. मीही हसायचे, सांगायला लाज वाटते.

यंदा तिचा फोन आला. "आई, येते मी. पण माझ्या ताटात काय पडतंय हे मला ठाऊक असलं पाहिजे. शब्द देतेस? नाहीतर पुन्हा येणार नाही."

मी शब्द दिला.

सण उपासातच येतो, पण त्या दिवशी मासे चालतात, म्हणून पंगतीला मासे होते. दुन्यासाठी मी पांढऱ्या घेवड्याचं मडकं वेगळं भाजलं, भरपूर कांदा आणि तेल घालून. माझ्या सासऱ्यांना आता माशाचे काटे काढायला जमत नाही. दुन्यानं आपल्या मडक्यातलं आधी त्यांना वाढलं, मग स्वतः घेतलं. दुसऱ्यांदाही घेतलं.

"आई, काय चव आलीय गं!"

रादोयको तोंडावर रुमाल धरून बसला होता, त्याला हसू फुटलंच. "येणारच की चव! सकाळी डुकराची दोन चमचे चरबी घातलीय मी त्यात. मेलीस का पोरी? नाही ना?"

सगळं टेबल हसलं. माझा नवरा वुकाशिन यजमान म्हणून सकाळपासून उभ्यानं वाढत होता, तोही हसला. दुन्यानं काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, मलाही ठाऊक होतं.

तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, "कुठल्या मडक्यात?"

हसणं जागच्या जागी थांबलं. येत्या रविवारी चर्चमध्ये प्रसाद घ्यायचा म्हणून म्हातारा तीन आठवडे नुसत्या उकडलेल्यावर राहिला होता.

"बाबांचा उपास मोडलास?" वुकाशिन ओरडला. "देवाची तरी भीती आहे का तुला?"

रादोयको पांढराफटक पडला. बापापुढे गुडघे टेकून त्यानं त्यांचा हात धरला. "बाबा, तुमच्यासाठी नव्हतं हो ते. माफ करा."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मडकं तेच, चरबी तीच. बाबांच्या ताटात पडली तर पाप, आणि माझ्या मुलीच्या ताटात पडली तर विनोद? सगळे म्हाताऱ्याभोवती गोळा झाले होते. दुन्या दारापाशी कोट चढवत होती, तिच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

या सणाला आमच्याकडे यायला बोलावणं लागत नाही आणि आलेल्याला कुणी घालवत नाही, वैरी असला तरी. मी खुंटीवरून रादोयकोचा कोट काढला.

"भावजी, निघा."

"अहो वहिनी, मागितली की माफी!"

"तिची?"

"तिची कशाला? थट्टा होती ती."

"मग हसत हसत जा."

"अगं, संताची मेणबत्ती जळतेय अजून," वुकाशिन म्हणाला. "आज पाहुण्याला हाकलतेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत काय म्हणायचं ते."

रादोयको गेला. सासऱ्यांनी शेजारची खुर्ची दुन्यासाठी ओढली. ती आली आणि कोट न काढताच बसली.

"मला ठाऊक नव्हतं गं," मी म्हणाले.

"बरं."

मी तिच्यापुढे पाव ठेवला, पहाटे मीच भाजलेला. तिनं तो हातात घेतला, पण तोडला नाही.

"यात काय आहे आई?"

"पीठ, पाणी, मीठ, यीस्ट."

"नक्की?"