दोन चांदण्यांच्या मधलं

लेकीने लॅपटॉपचं झाकण आईच्या बोटांवरच मिटलं. जोरात नाही, पण उचललंही नाही.

"काय लिहितेस?"

"काही नाही गं. दातांच्या डॉक्टरांची वेबसाइट."

"खोटं. मी मागे उभी होते. 'भिंगरी आज' असं लिहिलंय."

आईने बोटं सोडवून घेतली. दातांचे डॉक्टर, एक फुलवाली, मोटार शिकवणारे एक काका, अशा चार-पाच जणांच्या वेबसाइट ती घरून सांभाळायची आणि त्यातून उरलेल्या वेळात स्वतःचा ब्लॉग लिहायची. खरं तर वेळ उरायचा नाही, मारावा लागायचा. दवाखान्याच्या बाकावर, मशीनमधले कपडे फिरत असताना, दूध तापेपर्यंत. प्रत्येक लेखाची शेवटची ओळ ठरलेली असायची: 'दूध वर आलं. चला.' नऊ वर्षांत दोनशे बारा लेख झाले होते आणि त्या सगळ्यांत भिंगरी, म्हणजे ब्लॉगवरची लेक, होती.

भिंगरी आता समोर उभी होती, दप्तर अजून पाठीवरच.

"आज वर्गातल्या पोरींनी पुन्हा विचारलं," लेक म्हणाली. "हेअर ड्रायर आणलास का म्हणून."

गेल्या सुट्टीत मावशीकडे राहायला गेली असताना लेकीने अंथरूण ओलं केलं होतं. पहाटे उठून, कुणाला न उठवता, मावशीच्या हेअर ड्रायरने तिने चादर वाळवली होती. घरी आल्यावर हे तिने आईच्या कानात सांगितलं. आईला ते इतकं गोड वाटलं, की तिने ते लिहिलं. वर्गातल्या एका मुलीच्या आईने ते वाचलं, तिलाही गोडच वाटलं, आणि तिने आपल्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं.

"तुला एकटीला सांगितलं होतं," लेक म्हणाली. "तू सगळ्यांना सांगितलंस."

पंधरा दिवस झाले, शाळेतून आल्यावर काय झालं विचारलं की एकच उत्तर यायचं. काही नाही. डबा कसा होता? काही नाही. गुडघ्याला काय लागलं? काही नाही.

"सगळं पुसून टाक."

"सगळं?"

"सगळं."

हो म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं. पण दोनशे बारा लेख एकदम डोळ्यांसमोर आले. पहिला दात, तापातलं बरळणं, ते लिहिताना मांडीवर झोपलेलं तीन महिन्यांचं वजन.

"मला दोन दिवस दे," ती म्हणाली.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, तिने लेकीला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर चहाचं पातेलं होतं. तिने गाळणी धरली आणि कपात चहा ओतला.

"हे बघ. लोक वाचतात तो कप. आपण लिहितो ते पातेलं. मधे मी एक गाळणी बसवते. जे लोकांना दाखवायचं नाही, ते गाळणीतच अडकेल."

"आणि पातेल्यात?"

"पातेल्यात राहील. पण पातेलं आपल्या घरात असतं. दुसऱ्या कुणाला त्यात डोकावता येत नाही."

लेकीने पातेल्यात डोकावून पाहिलं. "काय अडकवायचं ते कोण ठरवणार?"

"तू."

यावर लेक पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसली.

ठरलं ते असं: जे झाकायचं त्याच्या आधी दोन चांदण्या टाकायच्या आणि नंतर दोन. चांदणी लेकीने निवडली, कीबोर्डवर तेवढंच एक चिन्ह तिला बरं दिसलं. आईने तिला वेगळा पासवर्ड करून दिला.

"पण एक," लेक म्हणाली. "मी काय झाकलं ते तू आत जाऊन बघायचं नाही."

"बरं."

"शप्पथ?"

"शप्पथ."

बाबा पेपरमागून म्हणाले, "संपादकबाई, माझं ते तरणतलावातलं पण झाका. चष्म्यासकट उडी मारली ते."

"ते राहणार. ते भारी आहे."

"म्हणजे वशिला चालत नाही इथे."

दुपारी लेक खेळायला गेल्यावर ती कामाला बसली. लेख वाचणाऱ्याच्या पडद्यावर जाण्याआधी क्षणभर एका दाराशी थांबतो. त्या दारावर आपला पहारेकरी उभा करायची सोय पीएचपीत, म्हणजे वेबसाइट ज्या भाषेत लिहिलेली असते तिच्यात, असते. तिने आठ ओळींचं फंक्शन लिहिलं. मजकूर घे, त्यात दोन चांदण्या शोध, मधे काहीही असो, पुढच्या दोन चांदण्यांपर्यंतचं सगळं काढून टाक, उरलेलं पुढे पाठव. 'काहीही असो' हे सांगायला रेग्युलर एक्स्प्रेशन लागतं, म्हणजे शब्द न सांगता शब्दांचा साचा सांगायचा. झाकायचं दोन-तीन परिच्छेदांत पसरलेलं असलं तरी चालावं म्हणून तिने त्यात एक अक्षर जादा टाकलं. एका नकली लेखात एक वाक्य चांदण्यांत घालून पाहिलं. वाक्य गेलं. मूळ लेख उघडला, तिथे ते होतं. असली कामं ती डोळे मिटून करायची.

पुढचे चार दिवस लेक शाळेतून आली की खुर्चीवर पाय घेऊन लॅपटॉपसमोर बसायची. आई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत राहायची, मुद्दाम पाठ करून. एका बोटाने कळा दाबल्याचा आवाज यायचा. एकदा खुदकन हसणं ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही.

"आई, हतबल म्हणजे काय?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे... काही सुचेनासं होतं ना, तसं."

"कुणाला?"

"कुणालाही होतं गं."

"हं," लेक म्हणाली, आणि दोनदा, मग पुन्हा दोनदा, एकच कळ दाबल्याचा आवाज आला.

शुक्रवारी लेकीने जाहीर केलं, झालं. सोमवारी, घर रिकामं झाल्यावर, आईने फोनवर आपला ब्लॉग उघडला. पासवर्ड न टाकता, परक्यासारखा.

पहिला लेख जसाच्या तसा होता. दुसराही. तिसरा उघडला.

'भिंगरीला आज पाचवा महिना लागला.'

त्याच्याखाली:

'दूध वर आलं. चला.'

मधे काही नव्हतं. तिने पान पुन्हा उघडलं. मधे काही नव्हतं. पुढचे दोन लेख ठीक होते, त्याच्या पुढचा पुन्हा तसाच. वरचं एक वाक्य, खालचं एक वाक्य. हेअर ड्रायरचा लेख तर सुरू होताच संपत होता. ती उघडत गेली. तीस, पस्तीस, चाळीस. दाराची चौकट आहे आणि घर नाही, असे लेख.

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. लॅपटॉपच्या झाकणावर लेकीने कधीतरी चिकटवलेला मासा होता. त्याची शेपटी ती नखाने उकलत राहिली. अर्धी निघाल्यावर लक्षात आलं आणि ती दाबून बसवायला लागली, पण बसेना.

इतकं नकोसं झालं होतं तिला? पाचव्या महिन्यात तर ती नुसती पालथी पडायला शिकली होती. त्यात लाजण्यासारखं काय होतं?

लॅपटॉप उघडून तिने तो लेख काढला. कोपऱ्यात 'संपादन' लिहिलेलं होतं. एकदा दाबलं की पातेलं उघडणार होतं. काय काय झाकलंय ते दिसलं असतं, लेकीला न कळता. तिला कधीच कळलं नसतं.

तिने हात मागे घेतला आणि गार झालेला चहा संपवला.

कप धुता धुता तिच्या डोक्यात आलं, की बाकीच्या लेखांतून काय गेलंय? पुन्हा बसून तिने ते नीट पाहिले. बरेचसे शाबूत होते. काहींतून एखादंच वाक्य गेलं होतं. म्हणजे एक तर काहीच नाही, नाहीतर एक वाक्य, नाहीतर अख्खा लेख. मधलं कुठेच काही नाही. अर्धा लेख झाकलाय, दोन वाक्यं झाकलीत, असा एकही नाही. नऊ वर्षांच्या मुलीचं काम इतकं टोकाचं कसं असेल? असं माणूस करत नाही. असं फक्त कोड करतो.

आणि मग तिने कपाळावर हात मारला, अगदी ओल्या हाताने.

साचा हावरा होता. असे साचे मुळातच हावरे असतात. 'दोन चांदण्यांपासून दोन चांदण्यांपर्यंत' म्हटलं की जवळच्या जोडीशी थांबत नाहीत, सर्वांत लांबची जोडी गाठतात. लेखात एकच वाक्य झाकलेलं असेल तर ते तेवढंच जातं. पण एक वर आणि एक खाली झाकलं, की पहिल्या चांदणीपासून शेवटच्या चांदणीपर्यंत मधलं सगळं घशात. हे ती शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायची. स्वतःचं तपासताना मात्र एकच वाक्य घालून मोकळी झाली होती. लेकीने काहीच पुसलं नव्हतं, जे पुसलं ते आईनेच.

इलाज एका प्रश्नचिन्हाचा होता. तिने ते साच्यात जागच्या जागी टाकलं, म्हणजे तो आता जवळच्याच जोडीशी थांबणार होता, आणि पान पुन्हा उघडलं.

लेख परत आले. पालथं पडणं आलं, पडद्याला नाक पुसणं आलं, उवा आल्या, पुढचा दात वॉश बेसिनमधून वाहून गेला तेव्हाचा आकांत आला. ती हसायला लागली. एवढं सगळं लेकीने राहू दिलं होतं! मावशीकडची चादर तेवढी गेली होती, आणि ती जायलाच हवी होती.

पण त्या लेखातून खालचंही एक वाक्य गेलं होतं. पाचव्या महिन्यातून तर दोन ठिकाणचं, पहिल्या वाक्याखालचं आणि शेवटच्या ओळीवरचं. मूळ लेख बघायची तिला गरज नव्हती, तिला ते पाठ होते. 'शेवटी ती झोपली' आणि 'दूध वर आलं' यांच्या मधे काय होतं ते तिला माहीत होतं.

'बाथरूममध्ये नळ सोडून बसले. नळाच्या आवाजात कुणाला कळत नाही.'

तिने पुढचा लेख उघडला. 'आज मी हतबल आहे' नव्हतं. त्याच्या पुढचा. 'तिच्यावर इतकी ओरडले, की मीच घाबरले' नव्हतं. 'माझ्याकडून हे होणार नाही असं वाटतं' पूर्वी दोन ठिकाणी होतं, आता दोन्ही ठिकाणी नव्हतं. मावशीकडच्या लेखात शेवटी तिने लिहिलं होतं, 'तिने मला का नाही उठवलं? फोन का नाही केला? कुठे कमी पडते मी?' त्यातलं फक्त शेवटचं गेलं होतं.

जिथे जिथे जागा रिकामी होती, तिथे ती थांबत गेली. बाहेर कचऱ्याची गाडी येऊन गेली. फुलवालीचा फोन वाजून बंद झाला.

लेक आली ती नाड्या न सोडता बूट काढत.

"बघितलंस?"

"बाहेरून."

"आत नाही ना?"

"नाही. शप्पथ घातलीस ना."

लेकीने तिच्या तोंडाकडे थोडं रोखून पाहिलं आणि डब्यातलं बिस्कीट घेतलं. "चाललं का ते?"

"एक चूक झाली होती. केली दुरुस्त."

"माझी?"

"नाही गं राणी. माझी. तुझं बरोब्बर होतं." ती पाण्याचा पेला भरत राहिली, भरल्यावरही. "ती माझी वाक्यं..."

"आपल्या पातेल्यात आहेत ना ती?"

"आहेत."

"मग झालं. लोकांना कशाला? त्या मुलीची आई पण वाचते. उद्या तुला विचारेल, नळ सोडलास का म्हणून." लेकीने बिस्किटाचे बरोबर दोन तुकडे केले. "मी म्हटलं, झाकावं."

हात धुऊन आले, असं काहीतरी पुटपुटत आई बाथरूममध्ये गेली, दार लोटलं, कडी लावली आणि नळ सोडला.

थोड्या वेळाने दारावर एका बोटाने टकटक झाली.

"आई, हात धुतेस?"

"हो गं."

"मग कडी कशाला लावलीस?"

तिने नळ बंद केला. शेवटचे दोन थेंब पडेपर्यंत थांबली आणि कडी काढली.

लेक चौकटीला टेकून उभी होती. हातातला बिस्किटाचा दुसरा तुकडा तिने आईच्या तोंडात घातला, तिचे हात ओले होते म्हणून.

"आज वर्गात काय झालं, सांगू?"

टॉवेल हाताशीच होता. तिने तो घेतला नाही. ओले हात गुडघ्यांवर तसेच ठेवून ती उंबऱ्यात बसली.

"सांग," ती म्हणाली.